एका संस्थेचा पैसा दुसऱ्या संस्थेकडे: भागीदारीची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली आणि त्यातले कलम ७ पार बदलले. तोवर नोंदणीकृत संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तशीच नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेला देता येत असे. दुरुस्तीने ते सरसकट बंद केले. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रमुख तरतुदी वैध ठरवल्या.

घाव नेमका कुठे बसला हे कळायला आधीची घडी पाहावी लागते. शहरातल्या मोठ्या संस्थेकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारी माणसे आणि कायमचा सीए असतो. दुर्गम तालुक्यातल्या संस्थेकडे गावाचा विश्वास आणि तिथेच राहणारे कार्यकर्ते असतात. परदेशातल्या दात्याला छोट्या छोट्या रकमांचे पन्नास हिशेब तपासणे परवडत नाही. तो एकाच मोठ्या संस्थेला पैसे देई आणि ती पुढे वाटप करी. यात थोरल्या संस्थेची दादागिरी चालायची, अहवालाचे नमुने वरून यायचे, आणि त्या नमुन्यात न बसणारे काम मागे पडायचे. तरी पैसा शेवटच्या गावापर्यंत पोहोचत होता.

सरकारचा संशय मात्र जुना आहे. मूळ एफसीआरए १९७६ चा, ऐन आणीबाणीतला. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कुदाल आयोग नेमला आणि गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ, ‘अवार्ड’ (ग्रामविकासात काम करणाऱ्या संस्थांचा संघ) अशा संस्थांची चौकशी सुरू झाली. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाशी असलेली जवळीक या संस्थांना भोवली, असेच तेव्हा बहुतेकांचे मत होते. १९८८ मध्ये स्वयंसेवी संस्थांचा ‘वाणी’ हा देशव्यापी मंच उभा राहिला, तो या चौकशीच्या आठवणी ताज्या असताना.

महाराष्ट्रात साधारण त्याच काळात वेगळी वाट निघाली. परिवर्तनाच्या चळवळींत पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या घरची चूल कशी पेटायची, हा तिथला खरा प्रश्न होता. दाता इमारतीला देतो, रुग्णवाहिकेला देतो, कोनशिलेवर नाव येणार असेल तर हात सैल सोडतो. कार्यकर्त्याच्या पगाराला मात्र कोणी देत नाही. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला तो त्यासाठी. नामवंत कलाकारांना घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले. त्या उत्पन्नाची ठेव ठेवायची आणि व्याजातून वेगवेगळ्या चळवळींतल्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, अशी ती रचना होती.

माझ्या मते या रचनेचे मोल रकमेपेक्षा जास्त होते. पैसा एका जागी जमायचा आणि कामे भिन्न संघटनांची चालायची. कोणाला आपले नाव, झेंडा वा कार्यक्रम सोडावा लागत नव्हता. प्रकल्प संपला म्हणून मानधन थांबण्याचीही भीती नव्हती. पण ठेवीवर उभे असलेले काम व्याजदराशी बांधलेले राहते. दर उतरले की तेवढीच ठेव कमी माणसांना पुरते.

परदेशातल्या मराठी माणसांचा पैसाही याच जाळ्यात आला. १९७८ मध्ये अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन झाले आणि १९९४ पासून त्याचे पुरस्कार सुरू झाले. समाजकार्याच्या पुरस्कारांची इकडची निवडप्रक्रिया दाभोलकरांनी अनेक वर्षे सांभाळली. तिकडे निधी आणि इकडे माणसांची पारख, अशी ती वाटणी होती.

२०१३ च्या कंपनी कायद्याने पैशाचा आणखी एक झरा खुला केला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले, १ एप्रिल २०१४ पासून. हा पैसा आर्थिक वर्षाच्या तालावर चालतो. मार्चअखेर घाई, मग शांतता.

साधनांची भागीदारी त्या मानाने सोपी ठरली. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोहोचली. प्रशिक्षण पानी फाउंडेशनचे, श्रमदान गावाचे आणि पुढच्या काळात यंत्रे भारतीय जैन संघटनेची. डिझेलचा खर्च वेगळा उभा करावा लागे, आणि गावोगावच्या बैठकांत वादही बहुधा त्यावरूनच होत.

देशातल्या देणग्यांना एफसीआरए लागू नाही, तेव्हा इथला पैसा तरी मोकळेपणाने पुढे जाईल असे वाटते. तिथे प्राप्तिकर आडवा येतो. धर्मादाय संस्थेला करमाफीसाठी उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या त्या वर्षी कामावर खर्च करावी लागते, १५ टक्के राखता येते. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला दिले की प्रत्येक टप्प्यावर १५ टक्के बाजूला राहू शकतात, हा सरकारचा आक्षेप. म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने ठरवले की दुसऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरायचे. लाख रुपये पुढे दिले तर हिशेबात पंच्याऐंशी हजार. मोठ्या संस्थांचे विश्वस्त आता धनादेशावर सही करण्याआधी हे गणित मांडतात, आणि पुष्कळदा काम स्वतःच करायचे ठरवतात.