डाव्या आट्यांचे चाकाचे नट

चाक हबवर (आसाच्या टोकावरील मधल्या भागावर) बसवण्याचे जे नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवल्यावर आवळतात, ते डाव्या किंवा ‘उलट्या’ आट्यांचे नट. जुन्या मोटारींत ते फक्त डाव्या चाकांना असतात. डावी बाजू गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची धरावी: अमेरिकेत ती ड्रायव्हरची, आपल्याकडे क्लीनरची.

क्रायस्लर गटाच्या प्लिमथ, डॉज, डिसोटो मोटारींत ही पद्धत १९७० च्या सुमारापर्यंत टिकली. स्टुडबेकर आणि विलीज जीपमध्येही ती होती. कुर्ल्यात प्रीमियरने १९४७ पासून डॉज, प्लिमथ जोडल्या, तर महिंद्राने मुंबईत जीप. त्यामुळे महाराष्ट्रात जतन केलेल्या गाड्यांतही हे नट भेटतात.

कारण असे. गाडीचे वजन चाकाच्या भोकातून नटाच्या निमुळत्या तोंडावर येते आणि चाक फिरताना दाबाची जागा नटाभोवती फिरत राहते. नट जरा ढिला असेल तर तो भोकात लोळतो आणि चाकाच्याच दिशेने वळू लागतो. बाहेरून पाहिल्यास डावे चाक पुढे जाताना काट्यांच्या उलट फिरते. म्हणून तिथे साधा नट सुटत जाईल, उलटा आवळत जाईल. तारांच्या चाकांच्या रज-व्हिटवर्थ पद्धतीत नेमके उलट असते. तिथला मधला मोठा नट चाकाच्या शंकूवर बाहेरून बसतो, त्यामुळे लोळण्याची दिशा बदलते आणि डाव्या बाजूला साधे आटे येतात.

पाना लावण्याआधी स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्याचे, टोक तारेच्या ब्रशने घासावे. ‘एल’ अक्षर दिसले तर आटे डावे. अक्षर झिजले असेल तर स्टड उभा धरल्यासारखा पाहावा: डावे आटे डावीकडे चढत जातात. प्रत्येक स्टड तपासावा, कारण दुरुस्तीत एखादाच बदललेला असू शकतो.

बहुतेक नुकसान सोडवताना होते. नट निघत नाही म्हणून पान्याला पाइप लावून सवयीच्या दिशेने जोर दिला जातो. नट आणखी आवळतो आणि स्टड तुटतो. गंजलेल्या आट्यांवर तेल सोडून थांबावे. मग गाडी जमिनीवर असतानाच नट काट्यांच्या दिशेने थोडा सैल करावा आणि नंतर जॅक लावावा. बसवताना नट आधी बोटांनीच दोन-तीन फेरे चढवावा. बोटांनी चढत नसेल तर नट आणि स्टडचे आटे जुळत नाहीत. एअर गनने (हवेच्या दाबावरच्या पान्याने) रेटल्यास दोन्ही वाया जातात. पाच नट एकाआड एक आवळावेत आणि शेवटी टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) वापरावा. अर्धा इंची स्टडच्या क्रायस्लर गाड्यांना साधारण ६५ फूट-पौंड पुरतात. ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे.

नीट आवळलेला शंकूच्या तोंडाचा नट घर्षणानेच जागेवर राहतो, म्हणून पुढे ही पद्धत मागे पडली. साधे आटे हवेच असतील तर त्या चाकाचे सगळे स्टड बदलावेत. नव्या स्टडच्या दातेरी मानेचा (हबच्या भोकात घट्ट बसणाऱ्या भागाचा) व्यास जुन्याइतकाच हवा. क्रायस्लरच्या काही ब्रेक ड्रमवर स्टडची कड फुलवून पक्की केलेली असते. ती आधी कापावी, नाहीतर प्रेसमध्ये स्टड निघताना हबचे भोक मोठे होते.