निर्मनुष्य ठिकाणच्या झडपांचे स्वयंचलन

तेल, वायू आणि पाण्याच्या लांब नळवाहिन्यांवर, तसेच समुद्रातील विहिरींवर, कायम माणूस नसलेल्या जागी झडपा (व्हॉल्व्ह) बसवाव्या लागतात. त्या दूरच्या नियंत्रण कक्षातून किंवा आपोआप उघडमीट होतील अशी केलेली सोय म्हणजे झडपांचे स्वयंचलन.

झडपेवर हाताने फिरवायच्या चाकाऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे झडप हलवणारे यंत्र, बसतो. तो हवेच्या, तेलाच्या किंवा वायूच्या दाबावर चालतो, नाहीतर विजेच्या मोटरवर. वीज पोहोचत नाही तिथे सौर पॅनेल आणि बॅटरी असते. वायुवाहिनीवर कित्येकदा वाहिनीतल्या वायूचाच दाब वापरतात. झडप उघडी आहे की बंद, हे स्काडा या दुरून देखरेख व नियंत्रण करणाऱ्या संगणकीय यंत्रणेतून कक्षात कळते.

पण झडप दुरून हलवता येणे हा त्यातला सोपा भाग. वीज गेली, संपर्क तुटला, तर तिने काय करायचे, हे आधीच ठरवावे लागते. तेल-वायूच्या विहिरीवरची सुरक्षा झडप दाबाने उघडी धरलेली असते. दाब गेला की स्प्रिंग तिला मिटवते. पाण्याच्या मोठ्या वाहिनीवर मात्र झडप झटकन मिटली तर जलाघाताने, म्हणजे वाहते पाणी एकदम अडल्याने बसणाऱ्या दाबाच्या धक्क्याने, नळच फुटू शकतो, म्हणून तिथे ती आहे त्या स्थितीत ठेवणे किंवा सावकाश मिटवणे बरे.

मुंबईपासून सुमारे १६० किमी पश्चिमेला, मुंबई हायसारख्या क्षेत्रात विहिरींचे अनेक फलाट (समुद्रात उभारलेले मंच) निर्मनुष्य असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की तिथे उतरणे कठीण. अशा फलाटांवर झडपा उघड्या धरणाऱ्या दाबाच्या बारीक नळीला लवकर वितळणाऱ्या धातूची बुचे लावण्याची पद्धत आहे. आग लागली की बूच वितळते, दाब निसटतो, झडपा मिटतात. ना वीज लागते, ना संदेश. या क्षेत्रातली इतकी साधी आणि भरवशाची युक्ती क्वचितच दुसरी असेल.

स्वयंचलन नसल्याची किंमत कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे दिसली. ९ सप्टेंबर २०१० रोजी वस्तीखालची ३० इंची वायुवाहिनी फुटली. जवळच्या झडपा हाताने मिटवाव्या लागणाऱ्या होत्या. वायू थांबायला ९५ मिनिटे लागली. ८ माणसे गेली, ३८ घरे जळाली. अमेरिकेत २०२२ च्या नियमाने ६ इंच व त्याहून मोठ्या बहुतेक नव्या वाहिन्यांवर दुरून किंवा आपोआप मिटणाऱ्या झडपा सक्तीच्या झाल्या. वाहिनी फुटल्याचे लक्षात आल्यापासून त्या ३० मिनिटांत मिटायला हव्यात.

वर्षानुवर्षे न हललेली झडप जाम होते. म्हणून प्रवाह न थांबवता तिला थोडीशीच हलवून पाहण्याची चाचणी अधूनमधून घेतात.