विमानातून विंगसूट आणि कड्यावरून विंगसूट: सूट तोच, खेळ वेगळा

डोंगराच्या कडेकडेने, झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ चाटून जाणारा विंगसूटवाला (अंगावर पंखवाला सूट घालून उडणारा) बघितला की निम्मे लोक म्हणतात, एकदा स्कायडायव्हिंग करायचंच यार. पण ते स्कायडायव्हिंग नसतंच, ते विंगसूट बेस जंपिंग, म्हणजे विमानाऐवजी कडा, पूल अशा एका जागी असलेल्या उंच ठिकाणावरून उडी. विमानातून उडी मारून विंगसूट उडवणं वेगळं, कड्यावरून मारून उडवणं वेगळं, आणि ह्या दोन्हींत अंगावरचा सूट सोडला तर फारसं काही सारखं नाही. मजा कशात आहे ते सुद्धा नाही.

आधी सूट बघू. हात आणि अंगाच्या मधे कापड, दोन पायांच्या मधे कापड, पण नुसता पडदा नसतो, दोन थर असतात आणि समोरून हवा आत शिरायला तोंडं ठेवलेली असतात, हवा भरली की पंख फुगून ताठ होतो. साधा स्कायडायव्हर पोटावर पडताना ताशी 190-200 किमीने खाली येतो, विंगसूटमधे तोच वेग 60-80 पर्यंत खाली आणता येतो आणि बाकीचा सगळा जोर पुढे जाण्यात लागतो, म्हणजे एक मीटर खाली आलात तर साधारण अडीच-तीन मीटर पुढे. आजच्या सूटची घडण 90 च्या दशकातली, फ्रेंच स्कायडायव्हर पॅट्रिक दे गायारदॉनची. तो 1998 मधे अमेरिकेच्या हवाई बेटांवर उडी मारतानाच मेला, पण सूटमुळे नाही, पॅराशूटच्या बॅगेत केलेल्या बदलात चूक राहिली म्हणून. मग 1999 मधे यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेचनिक ह्यांनी बर्डमॅन कंपनी काढली आणि सूट विकत मिळायला लागला.

आता विमानवाला प्रकार. 12-14 हजार फुटांवर दार उघडतं, उडी मारली तेव्हा विमानाच्या वेगामुळे वारा आधीच अंगावर असतो, सूट लगेच उडायला तयार. उलट पहिले एक-दोन सेकंद पंख मिटून ठेवावे लागतात, कारण हावरटपणा करून लगेच उघडले तर माणूस वर उचलला जातो आणि मागे विमानाची शेपटी असते. त्यानंतर मात्र वेळच वेळ. साध्या स्कायडायव्हिंगला मिनिटभर मिळतं, इथे दोन-तीन मिनिटं. आणि गंमत म्हणजे वेग जाणवतच नाही! पुढे 150 पेक्षा जास्त वेगाने जाताय पण आजूबाजूला तुलना करायला काहीच नाही, जमीन तीन किलोमीटर खाली, जागच्या जागी तरंगल्यासारखं वाटतं. ढगाच्या बाजूने गेलात की मग ती पांढरी भिंत सर्रकन मागे पळते आणि कळतं आपण किती जोरात आहोत ते. शिवाय हा सोबतीने करायचा खेळ आहे, थव्याने उडतात, 2012 मधे कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावाच्या आकाशात 100 जणांनी एकत्र फॉर्मेशन केलं होतं.

कड्यावर ह्यातलं काही नाही. उडी मारता त्या क्षणी वारा शून्य. सूट अंगावर ढिला लोंबतोय, हात हलवून उपयोग नाही कारण पंखात हवाच नाही, नुसतं डोकं किंचित खाली ठेवून, अंग शांत ठेवून पडत राहायचं आणि कापड हळूहळू ताठ व्हायची वाट बघायची. सूट नीट उडायला लागेपर्यंत शंभरेक मीटर आणि बरेचदा त्याहून जास्त उंची गेलेली असते, म्हणून कडा सरळ तुटलेलाच लागतो, स्वित्झर्लंडचं लाउटरब्रुनन किंवा नॉर्वेचा क्येराग उगाच नाही प्रसिद्ध. इथे वेग मात्र पुरेपूर जाणवतो कारण खडक बाजूलाच असतो. खरं तर वेग साधारण तोच, विमानवाल्याचाच, फक्त तिथे तो दिसत नाही आणि इथे डोळ्यात घुसतो. लोक प्रॉक्सिमिटी फ्लाइंग करतात, म्हणजे मुद्दाम जमिनीला चिकटून उडतात, ते ह्याच्यासाठीच.

आणि तिथेच सगळी गोची आहे. वर आकाशात चूक झाली, सूट गोल गोल फिरायला लागला, तरी सावरायला हजारो फूट असतात, मेन पॅराशूट गंडलं तर रिझर्व्ह असतं. बेसवाल्याकडे एकच पॅराशूट, कारण दुसरं उघडायला उंचीच उरत नाही. विमानवाल्याला पण एक मेख आहे जी फार कमी लोकांना माहीत असते: रिझर्व्ह आपोआप उघडणारं जे यंत्र असतं ते साधारणपणे ताशी 125 किमीच्या वर पडत असाल तरच चालू होतं, आणि विंगसूटमधे तुम्ही त्याच्यापेक्षा सावकाश खाली येता, म्हणजे शुद्ध हरपली तरी यंत्राला वाटणार सगळं ठीक आहे. आता विंगसूटचा वेगळा मोड असलेली यंत्रं आली आहेत, पण मुळात वेळेवर हात मागे नेऊन पायलट शूट (मेन पॅराशूटला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) ओढणं हे तुमचंच काम. तेही दोन्ही पंख एकसारखे मिटून, नाहीतर वळत वळत उघडतं आणि दोऱ्यांना पीळ बसतो.

माझं मत विचाराल तर उडण्याची खरी मजा विमानवाल्या प्रकारात आहे, दुसऱ्यात मजा अंतराची आहे, दगड किती जवळून गेला त्याची, आणि त्या आकड्याला शेवट नाही, दहा मीटर झाले की पाच हवे असतात. अमेरिकन विंगसूटवाला जेब कॉर्लिस 2011 मधे चीनच्या तियानमेनच्या गुहेतून आरपार गेला आणि 2012 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या टेबल माउंटनवर खडकाला धडकला, वाचला हे नशीब. डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट हे बेसवाले 2015 मधे अमेरिकेच्या योसेमिटी नॅशनल पार्कात अशाच उडीत मेले. अमेरिकेच्या नॅशनल पार्कांमधे परवानगीशिवाय बेस जंपिंग बेकायदेशीरच आहे.

शिकायचा रस्ता पण वेगळा. विमानातून विंगसूटसाठी अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेचा नियम किमान 200 साध्या उड्यांचा. बेसला जायचं तर विमानातून भरपूर विंगसूट उडवून झाल्यावर परत शून्यापासून, आधी विंगसूट न घालता पुलावरून वगैरे (आयडाहोतला पेरीन ब्रिज, 148 मीटर, तिथे वर्षभर परवानगीशिवाय चालतं), मग कधीतरी सूट घालून कड्यावर. बरेच विंगसूटवाले ह्या वाटेला आयुष्यात जात नाहीत आणि त्यांचं काही अडतही नाही.

व्हिडिओ बघताना ओळखायचं तर सुरुवात बघा, दार आहे की कडा. एक व्हिडिओ मात्र असा आहे जिथे ही ओळख गंडते: 2017 मधे फ्रेड फुगेन आणि व्हिन्स रेफेने स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ डोंगराच्या माथ्यावरून बेस उडी मारली आणि खाली उडत्या विमानाच्या उघड्या दारातून आत शिरले.