विदूषक: संस्कृत नाटकापासून झाडीपट्टीपर्यंत

विदूषक हा संस्कृत नाटकातला ठरलेला विनोदी माणूस, राजाचा किंवा नायकाचा जिवलग दोस्त. जातीने ब्राह्मण, पण संस्कृत बोलत नाही, नाटकातल्या बायका आणि नोकरचाकर बोलतात तसं प्राकृत बोलतो. खायचं नाव काढलं की डोळे चमकतात, संकट आलं की पहिला हाच घाबरतो, आणि राजाला तोंडावर जे कोणी बोलू शकत नाही ते हा सहज बोलून मोकळा होतो. आजकाल आपण सर्कशीतल्या जोकरलाही विदूषकच म्हणतो, राजकारणात एकमेकांना शिवी म्हणून पण वापरतात, त्यामुळे मूळचा विदूषक केवढ्या कामाचा होता हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि नागपूर-विदर्भाशी तर त्याचं नातं फारच मजेशीर आहे, ते पुढे येतंच.

रूप आणि नियम

भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचं वर्णन एका श्लोकात आहे: वामनो दन्तुरः कुब्जो द्विजिह्वो विकृताननः, खलतिः पिङ्गलाक्षश्च. म्हणजे बुटका, दात पुढे आलेले, कुबड असलेला, दुटप्पी बोलणारा, वेडंवाकडं तोंड, टक्कल आणि पिवळट डोळे, एका माणसात एवढं सगळं. हातात एक वाकडी काठी असते, तिला कुटिलक म्हणतात, आणि ती खुद्द ब्रह्मदेवानं दिली असं नाट्यशास्त्र सांगतं. अजून एक गंमत बघा, नाटकाचं रक्षण करायला देव नेमले तेव्हा नायकाच्या वाट्याला इंद्र आला, नायिकेच्या वाट्याला सरस्वती, आणि या टकल्याच्या वाट्याला थेट ओंकार. इतकी मोठी सिक्युरिटी नायकालाही नाही.

हसवायचे प्रकारही तीन सांगितलेत: अंगानं हसवणं, बोलण्यानं हसवणं आणि वेषानं हसवणं. नाटक सुरू व्हायच्या आधी जो पूर्वरंग चालायचा त्यात सूत्रधार आणि त्याच्या साथीदाराच्या गप्पांमध्ये विदूषक मध्येच घुसून काहीबाही बोलायचा, हा भाग नंतर आपल्या मराठी नाटकातही आला.

हे पात्र किती जुनं? मध्य आशियात जर्मनांच्या तुर्फान मोहिमेत अश्वघोष या कालिदासाच्या आधीच्या बौद्ध कवीच्या नाटकाची ताडपत्रांची तुकडे-तुकडे झालेली पोथी सापडली, ल्यूडर्स नावाच्या जर्मन पंडितानं ती १९११ मध्ये छापली, तिच्यातही विदूषक आहे. म्हणजे कालिदासाच्या आधीच हा गडी पक्का बसलेला होता.

नाटकातलं खरं काम

पुष्कळ लोक समजतात की विदूषक म्हणजे दोन सीनच्या मधला टाइमपास. तसं नाहीये. चांगल्या नाटककारांनी त्याच्या वेंधळेपणावर अख्खं कथानक टांगलेलं असतं. शूद्रकाच्या मृच्छकटिकात नायक चारुदत्ताचा मित्र मैत्रेय हा विदूषक, त्याच्याकडे नायिका वसंतसेनेचे दागिने सांभाळायला दिलेले, रात्री चोर येतो आणि हा पठ्ठ्या झोपेतच डबा चोराच्या हातात देतो. पुढे भर कोर्टात राजाचा मेहुणा शकार या खलनायकाशी मारामारी करताना त्याच्या काखेतून वसंतसेनेचेच दागिने खाली पडतात आणि चारुदत्तावरचा खुनाचा आरोप घट्ट होतो. मित्रासाठी जीव टाकणारा माणूस, पण त्याच्यामुळेच मित्र वधस्तंभाकडे जातो, हे लिहायला डोकं लागतं.

शाकुंतलात उलटं आहे. तिथला माढव्य शिकारीच्या पायपिटीनं वैतागलेला, पाल्यापाचोळ्यानं कडू झालेलं पाणी प्यावं लागतं, जेवणाला वेळकाळ नाही, पहाटे शिकारी लोक आरडाओरडा करून झोपमोड करतात, अशी त्याची रडगाणी चालू असतात. दुष्यंत त्याला शकुंतलेबद्दल सगळं सांगतो आणि मग भीती वाटते की हा राजवाड्यात जाऊन बोलेल, म्हणून म्हणतो ती सगळी थट्टा होती रे, खरं नको धरू. आणि पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते तेव्हा कालिदासानं माढव्याला आधीच रुसलेल्या राणी हंसपदिकेची समजूत घालायला पाठवून दिलेलं असतं. तो तिथे असता तर आठवण करून देणारा एक माणूस तरी राहिला असता, राजा शकुंतलेला विसरेल या शापाची सगळी गोष्ट तिथेच बसली असती. विदूषकाची गैरहजेरी इतकी हिशोबानं वापरलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

भासाच्या अविमारक नाटकातला विदूषक संतुष्ट तर रामायणाला नाट्यशास्त्र म्हणतो, आणि त्यातले पाच श्लोक मी वर्षाच्या आत पाठ केले म्हणून मिरवतो. स्वप्नवासवदत्तातला वसंतक गोष्ट सांगायला बसतो तर गावाचं नाव राजाला आणि राजाचं नाव गावाला लावून मोकळा.

विदर्भाची राजकन्या आणि गौतमाचा साप

आता आपल्याकडची गोष्ट. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातली मालविका ही विदर्भाची राजकन्या, आणि तिला विदिशेच्या अग्निमित्र राजापर्यंत पोहोचवायचं सगळं डोकं गौतम नावाच्या विदूषकाचं. आधी तो दोन नृत्यगुरूंमध्ये भांडण लावून देतो, कोण मोठा ते शिष्येच्या नाचावरून ठरवू म्हणतो, म्हणजे राजाला मालविका समोर बघायला मिळेल. नाच संपल्यावर ती निघाली तर हा अडवतो, पहिल्या प्रयोगाला आधी ब्राह्मणाची पूजा करायची असते, ती राहिली की! तेवढीच राजाला अजून दोन मिनिटं.

पण खरा कळस चौथ्या अंकात. राणी धारिणीनं मालविकेला तळघरात कोंडलंय आणि पहारेकरणीला सांगितलंय की माझी नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. गौतम काय करतो, केतकीच्या काट्यानं स्वतःच्या बोटाला टोचून घेतो आणि बोंबलत येतो, राणीसाठी फुलं तोडायला गेलो तर साप चावला. अंग थरथरतंय, राजाला सांगतोय की माझ्या आईकडे लक्ष द्या, राणी बिचारी घाबरते की माझ्यापायी ब्राह्मण मेला. मग वैद्याकडून निरोप येतो, उताऱ्यासाठी नागाची आकृती असलेली काहीतरी वस्तू पाहिजे. राणी लगेच बोटातली अंगठी काढून देते. झालं, अंगठी दाखवून मालविका बाहेर.

एवढं करून हा शहाणा दारात पहारा द्यायला बसतो आणि झोपी जातो, झोपेत मालविकेचं नाव घेऊन बरळतो, ते नेमकं दुसरी राणी इरावती ऐकते. तिची दासी त्याचीच सापासारखी वाकडी काठी त्याच्या अंगावर टाकते आणि हा साप साप करून किंचाळत उठतो. काठी आहे हे कळल्यावर स्वतःच म्हणतो की खोटा सर्पदंश केला त्याचं फळ मिळालं. इरावती त्याला राजाचा कामतंत्रसचिव म्हणते, प्रेमखात्याचा मंत्रीच म्हणा ना. शेवटी मालविकेची ओळख पटते, विदर्भाचं राज्य दोन भावांत वाटून दिलं जातं आणि मधली सीमा ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी.

कालिदासाचं नाव निघालं की नागपूरकर रामटेककडे बोट दाखवतो, मेघदूतातला रामगिरी तोच असं इथे पक्कं मानतात, कालिदासाचं स्मारक आणि त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही तिथेच आहे. पण आपल्या लोकांचं सगळं प्रेम यक्षावर आणि ढगावर. गौतमाचं नाव कोणी घेत नाही, जरी विदर्भाची सोयरीक त्यानं जमवली तरी.

भवभूतीनं काढून टाकला

दुसरा मोठा नाटककार भवभूती, हा तर इकडचाच. त्याचं पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पद्मपूर असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आणि याच भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. मालतीमाधव प्रेमकथा आहे, तिथे विदूषक सहज बसला असता, पण त्यानं मित्राचं काम मकरंदाला दिलं, तो मालतीच्या वेषात नवरी बनून जातो आणि नवरदेवाला हाकलून लावतो. उत्तररामचरितात सौधातकी नावाचा एक आश्रमातला पोरगा आहे, मोठ्या ऋषींच्या खाण्यावरून टवाळी करतो, तेवढंच काय ते हसू.

माझ्या मते भवभूतीनं बरोबर केलं. तोपर्यंत विदूषक शिळा झालेला, तेच लाडू, तीच भूक, तोच भित्रा ब्राह्मण, नंतरच्या नाटककारांनी तर नुसतं साच्यातून काढल्यासारखे विदूषक काढले. अपवाद केरळचा. तिथे कूडियाट्टम या संस्कृत नाटकाच्या जुन्या परंपरेत चाक्यार म्हणजे पिढीजात नट विदूषक होऊन मल्याळममध्ये बोलतो, संस्कृत श्लोकांचा अर्थ लोकांना सांगतो, धर्म-अर्थ-काम-मोक्ष यांच्या जागी खाणं, राजाची चाकरी, मौजमजा आणि फसवणूक असे चार पुरुषार्थ लावून रात्री गाजवतो, आणि समोर बसलेल्या कोणाचीही टर उडवतो.

मराठी रंगभूमीवर

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हापासून विदूषक मराठी स्टेजवर आहे. सूत्रधाराचं मंगलाचरण झालं की हा झाडपाला गुंडाळून नाचत यायचा, मी जंगलात राहतो वगैरे सांगायचा आणि दोघांची जुंपायची, मग गणपती, सरस्वती यायचे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलात तो गाण्यांसकट कालिदासाकडून परत आला.

नंतर नाव गेलं पण माणूस राहिला. राम गणेश गडकरींच्या एकच प्यालामधला तळीराम घ्या. नायकाचा सोबती, बोलण्यात पटाईत, स्वतःचं आर्यमदिरामंडळ काढलेला, लोक त्याच्या प्रत्येक वाक्याला हसतात आणि तोच नायक सुधाकराला बुडवतो. विदूषकाच्या हातात लाडूऐवजी पेला दिला की काय होतं ते इथे दिसतं. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले ते आपल्या सावनेरला, नागपूरहून तासाभराच्या अंतरावर, आणि एकच प्याला रंगमंचावर आलं ते त्यांच्या मागे. नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी कट्यार काळजात घुसली लिहिलं, १९६७ चं नाटक, त्यातला कविराज बाँकेबिहारी पण याच घराण्यातला. गाण्याच्या दोन घराण्यांचं भांडण इतकं तापलेलं असताना असा कोणी नसता तर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळाली नसती.

सोंगाड्या, खडी गंमत, झाडीपट्टी

तमाशातला सोंगाड्या हा विदूषकाचा वंशज आहे की नाही यावर विद्वानांनी भरपूर वाद घातलाय, कोणी लोककलेतून विदूषक आला म्हणतं, कोणी उलटं म्हणतं. काम मात्र तेच: गवळणीत पेंद्या होऊन कृष्णाची बाजू घ्यायची आणि त्यालाच टोमणे मारायचे, वगात म्हणजे तमाशातल्या नाटकात राजाचा शिपाई होऊन राजाची इज्जत काढायची. पूर्व विदर्भात याचं रूप म्हणजे खडी गंमत. शाहीर, वाजवणारे, नाच्या पोऱ्या, सगळे उभ्यानंच खेळ करतात म्हणून खडी. भंडारा, गोंदिया आणि नागपूर जिल्ह्याच्या खेड्यांत हे चालतं, सोंगाड्याला लिहिलेली संहिता नसते, गावात सकाळी काय झालं ते रात्री त्याच्या तोंडी येतं.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलाचा नि धानाचा पट्टा, तिथली नाटकं ही अजून वेगळी दुनिया. दिवाळीनंतर धान निघालं, मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्र रात्र नाटकं रंगतात, बऱ्याच कंपन्या वडसा म्हणजे देसाईगंजच्या, नागपूरचे कलाकारही सीझनला तिकडे जातात. नाटक कितीही रडवणारं असो, सासूचा छळ असो की दारू की जमिनीचा तंटा, कॉमेडी करणारा पाहिजेच, बॅनरवरही त्याचं नाव ठळक असतं. रात्री दोन-अडीचला थंडीत पब्लिक पेंगायला लागलं की त्याची एंट्री होते, ऑर्गन आणि ऑक्टोपॅडवाले प्रत्येक पंचला टोला देतात, तो झाडीबोलीत दोन वाक्यं टाकतो, आणि घोंगड्या गुंडाळून बसलेले लोक खडबडून हसून राहिले असतात. मूळ विदूषक प्राकृतात बोलायचा ना, तसंच हे. इथले विनोदी भूमिकांसाठी गाजलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीच्या कॉमेडीला दिल्लीनं दखल घेण्याइतकं मोठं मानलं हे इकडच्या लोकांना फार भावलं.

सिनेमा, टीव्ही आणि बडगे

सिनेमात दादा कोंडक्यांचा सोंगाड्या १९७१ चा, भोळ्या तोंडानं भलतंच बोलायचं हे तंत्र सरळ वगातून उचललेलं. जब्बार पटेलांच्या १९९२ च्या एक होता विदूषकमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे तमाशातला कलावंत आहे, सिनेमात जातो, मग राजकारणात ओढला जातो आणि सत्तेजवळ गेल्यावर त्याचा विनोदच सुकतो. गौतमाला ही अडचण कधी आली नाही, कारण त्याला राजाकडून जेवणापलीकडे काही नको होतं. टीव्हीवर भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली पुण्या-मुंबईच्या घरात नेली, हेही त्याच रांगेतलं.

आणि नागपुरात स्टेज नसलेला एक प्रकार आहे, तो म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे बडगे. काळी आणि पिवळी मारबत (इडापिडा घालवायला काढतात त्या बाईच्या पुतळ्या) निघते त्यासोबत पोट सुटलेले, दात काढलेले, वेड्यावाकड्या तोंडाचे पुतळे निघतात, नाट्यशास्त्राचा श्लोक वाचून बनवले की काय असं वाटावं. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर बडग्या. पाटीवरचा मजकूर गल्लीतले पोट्टे रात्री बसून लिहितात, इतवारी-महालच्या गर्दीत 'घेऊन जा गे मारबत' ओरडत मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात, पुढच्या वर्षी नवीन.