सब-बेस आणि रीस बेस: वजन कोणाचे, काळोख कोणाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत लॅपटॉपवर गडद, प्रयोगशील बेस संगीत घडवणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात सब आणि रीस ही नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. दोन्ही आवाज खालच्या पट्टीतले असतात, एकाच स्वराला धरून चालतात आणि चांगल्या रचनेत इतके एकजीव होतात की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. घडणीने मात्र ते निराळे आहेत आणि एकाकडून दुसऱ्याचे काम करून घेतले की रचना पोकळ होते, असे माझे ठाम मत आहे.

सब-बेस म्हणजे साधारण 30 ते 60 हर्ट्झमधला, बहुधा शुद्ध साइन तरंगाचा, म्हणजे एकाच कंपनसंख्येच्या गुळगुळीत तरंगाचा आवाज. त्यात उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतली कंपने, जवळजवळ नसतात. 50 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 7 मीटर असते. त्यामुळे तो घरांच्या कोपऱ्यांना सहज वळसा घालतो आणि भिंतींत फारसा शोषला जात नाही. गणेशोत्सवात डॉल्बीची भिंत दोन गल्ल्या पलीकडे असली तरी छातीत जो धक्का जाणवतो, तो या पट्टीचा. हाच आवाज मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर मात्र नाहीसा होतो.

रीस बेसचे नाव डेट्रॉइटचे टेक्नो संगीतकार केव्हिन सॉन्डरसन यांच्याकडे जाते. 1988 मध्ये त्यांनी ‘रीस’ या नावाने काढलेल्या रेकॉर्डमधला बेस पुढे जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान नृत्यसंगीत प्रकारांच्या निर्मात्यांनी उचलला. त्याची मूळ कृती साधी आहे: दोन सॉ (करवतीच्या दात्यांसारखे) तरंग घ्यायचे, एकाचा स्वर किंचित ढळवायचा आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. सॉ तरंगात सगळे उपस्वर असल्यामुळे या आवाजाचा बराचसा जीव मधल्या पट्टीत असतो, आणि म्हणूनच तो मोबाईलवरही ओळखू येतो.

खरी गंमत त्या किंचित ढळण्यात आहे. एक तरंग 50 हर्ट्झवर आणि दुसरा 50.5 हर्ट्झवर असेल, तर मूळ स्वर दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो आणि एकदा जवळजवळ नाहीसा होतो. दहाव्या उपस्वराशी मात्र 500 आणि 505 हर्ट्झ समोरासमोर येतात, म्हणजे तेथे सेकंदाला पाच हेलकावे बसतात. प्रत्येक उपस्वर आपापल्या गतीने हलत राहतो, आणि या असमान हालचालीतूनच रीसचा तो घोंगावणारा, अस्वस्थ करणारा काळोख तयार होतो. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा केसाएवढ्या ढळल्या की जी लहर उठते, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. तंबोरा लावणारा ती लहर घालवतो, येथे ती मुद्दाम राखली जाते.

या गणितातच रीसची मर्यादाही दडलेली आहे. ज्या क्षणी मूळ स्वर विरतो, त्या क्षणी रचनेच्या पायाखालची जमीन जाते. हेडफोनवर मधली पट्टी भरलेली असल्यामुळे हे लक्षात येत नाही. मोठ्या स्पीकरसमोर उभे राहिले की बेस मध्येच गळाल्यासारखा वाटतो. अशा वेळी आवाज वाढवून किंवा डिस्टॉर्शन (तरंगाचा आकार मुद्दाम बिघडवणे) चढवून उपयोग नसतो. रीसवर साधारण 100 हर्ट्झला हाय-पास फिल्टर (फक्त वरची कंपने जाऊ देणारा) लावून त्याचा तळ काढावा आणि त्याच स्वरावर साइनचा वेगळा सब ठेवावा. सब मोनो (दोन्ही बाजूंना एकसारखा) असावा, कारण डाव्या-उजव्या बाजूंतला फेजचा, म्हणजे तरंगाच्या चढउतारातल्या स्थितीचा, फरक खालच्या पट्टीत एकमेकांना खोडतो. त्याचा फेज प्रत्येक स्वराबरोबर नव्याने सुरू व्हावा, म्हणजे प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा लागतो. रीसचे ऑसिलेटर (तरंग निर्माण करणारे भाग) मात्र मोकळे धावू द्यावेत.

डिस्टॉर्शन, फेझर (आवाजाला फिरता पोत देणारा इफेक्ट), हळूहळू सरकणारा फिल्टर असे जे काही प्रयोग करायचे, ते रीसवर मनसोक्त करावेत. दोन्ही आवाज एकाच डिस्टॉर्शनमधून काढले, तर सबच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर रीसचा पोत चिरडला जातो आणि गढूळपणा येतो. सबला हवे तर अगदी हलके सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) द्यावे. त्यातून उठणाऱ्या उपस्वरांमुळे मूळ कंपन छोट्या स्पीकरवर नसतानाही कान त्या स्वराचा अंदाज बांधतो.


पारख करायची असेल तर दोन्ही ट्रॅक आळीपाळीने बंद करून ऐकावेत. सब बंद केल्यावर रचनेचा रंग तोच राहून फक्त वजन गेले, आणि रीस बंद केल्यावर वजन तसेच राहून चेहरा गेला, तर दोघांच्या कामांची वाटणी नीट झाली आहे.