काळ्या चहाचा अर्क: स्वाद आणि सुगंधातला घटक

काळ्या चहाचा अर्क म्हणजे आपण रोज आधणात जी चहापावडर टाकतो त्याच चहातून पाणी, अल्कोहोल, हेक्झेन (पेट्रोलियमपासून मिळणारा, वास विरघळवून घेणारा द्रव) नाहीतर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून काढून घेतलेला स्वादाचा किंवा वासाचा ऐवज. बाटलीतला आइस टी, लेमन टीची पावडर, चॉकलेट, आइस्क्रीम, सिगारेटची तंबाखू, साबण, परफ्यूम, असं कुठे कुठे तो जातो. आपल्याकडे ब्लॅक टी म्हटलं की बिनदुधाचा कोरा चहा डोळ्यासमोर येतो, पण इथे काळा म्हणजे पान पूर्ण ऑक्सिडाइझ होऊन काळं झालेला चहा, त्यामुळे अमृततुल्यवाला दूध घालून उकळतो तोही काळा चहाच. गवती चहाचा मात्र ह्या सगळ्याशी काही संबंध नाही, ते वेगळंच गवत आहे आणि त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा असतो.

ह्या अर्काबद्दल एक गोष्ट आधी डोक्यात बसली की बाकीचं सोपं जातं. कपातल्या चहात दोन वेगळ्या वस्तू असतात, एक उडून जाणारी म्हणजे वास, आणि दुसरी न उडणारी म्हणजे रंग, तुरटपणा, कडवटपणा, ज्याला आपण चहाचा कडकपणा म्हणतो तो. एका पद्धतीनं काढलेल्या अर्कात बहुतेक वेळा ह्यातली एकच नीट येते. म्हणून लेबलवर नुसतं टी एक्स्ट्रॅक्ट लिहिलेलं असलं तर त्यावरून आत नक्की काय आहे ते कळत नाही.

वास येतो कुठून

ताजं हिरवं चहाचं पान हातात चुरगाळलं तर चहाचा वास येत नाही, कापलेल्या गवताचा येतो. चहाचा वास पानात आयता नसतोच, पान मोडल्यावर तो तयार होतो, आणि मला तरी ह्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कारखान्यात पान आधी बारा ते अठरा तास पसरून ठेवतात म्हणजे ते मऊ पडतं, मग रोलरखाली वळतात किंवा पान चिरडून, फाडून, वळवणाऱ्या सीटीसी मशिनमधून काढतात (हे मशिन 1930 च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चरनं बनवलं, आज भारतातला बहुतेक चहा त्यातूनच निघतो). पेशी फुटतात, आतापर्यंत आपापल्या कप्प्यात बसलेली एन्झाइम्स आणि पॉलिफेनॉल्स नावाची तुरट द्रव्यं एकमेकांत मिसळतात, हवा लागते आणि पान तांब्याच्या भांड्यासारखं लाल होतं. सफरचंद कापून ठेवलं की काळवंडतं, तसंच. मळ्यातले लोक ह्याला फर्मेंटेशन म्हणतात पण त्यात यीस्टबिस्ट काही नसतं, ते ऑक्सिडेशनच आहे. शेवटी गरम हवेच्या ड्रायरमधून काढून ओलावा तीन टक्क्यांच्या आसपास आणतात. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो.

ह्यात एकाच वेळी दोन कामं चालू असतात. एकीकडे कॅटेचिन्सचं, म्हणजे पानातल्या मुख्य पॉलिफेनॉल्सचं, थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतं, पहिल्यानं चहाला तरतरी आणि सोनेरी झाक येते, दुसऱ्यानं तांबडा रंग आणि भरीवपणा येतो. दुसरीकडे साखरेला बांधून ठेवलेली वासाची द्रव्यं सुटी होतात. त्यातलं लिनालूल तुम्हाला ओळखीचं आहे, धने भरडताना येणाऱ्या वासात मुख्य तेच असतं. जिरॅनिऑल गुलाबाकडे झुकतं आणि ते रोशा गवताच्या तेलात भरपूर असतं, खानदेश-निमाडचं हे तेल एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानकडे जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे कंबर धरल्यावर चोळायच्या मलमाचा वास, श्रीलंकेतल्या उवा नावाच्या प्रांतातल्या चहात तो ठळक लागतो. पानातली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे गाजरात असतात त्याच जातीची रंगद्रव्यं, तुटून बीटा-आयोनोन आणि डॅमासिनोन तयार होतात, फुलांचा, सुक्या फळांचा वास त्यांचा, आणि पाण्याच्या एक अब्ज भागांत एका भागापेक्षाही कमी असले तरी ते नाकाला कळतात. ड्रायरमधल्या उष्णतेनं अमिनो आम्लांपासून मधासारखा फेनिलअ‍ॅसिटाल्डिहाइड येतो. एवढी मंडळी असूनही सगळं उडणारं द्रव्य गोळा केलं तर शंभर किलो चहामागे जेमतेम दहा-वीस ग्रॅम भरतं. वासाचा अर्क महाग का, ह्याचं उत्तर इथे आहे.

मळा बदलला की अर्क बदलतो

आसामचा चहा कडक, माल्टसारखा, रंगाला चांगला, म्हणून पेयांच्या अर्काला तो बरा पडतो. निलगिरीचा हलका, फुलांच्या वासाचा. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या तोडणीला पिकलेल्या द्राक्षांसारखा जो वास असतो त्यात किड्यांचा हात आहे, तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, पान त्याविरुद्ध स्वतःचं रसायन तयार करतं आणि त्यातून हॉट्रिएनॉलसारखी द्रव्यं येतात. तुडतुडे म्हटलं की आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो, तिकडे मात्र तोच उपद्रव चहाला चांगला भाव मिळवून देतो. चीनच्या फुजियान प्रांतातला लापसांग सूचाँग हा वेगळाच प्रकार, तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि त्याचा अर्क चुलीच्या धुरासारखा लागतो.

अर्क काढतात कसा

सगळ्यात जास्त माल गरम पाण्यानंच निघतो. मोठ्या टाक्यांत चहा भिजवायचा, चोथा बाजूला काढायचा, पाणी आटवून घट्ट करायचं आणि गरम हवेत फवारून पावडर करायची. अडचण अशी की पाणी आटवताना आधी वासच पळतो. घरी चहा उकळताना स्वयंपाकघर घमघमतं ना, तो वास कपात उरलेला नसतो, हवेत गेलेला असतो. म्हणून चांगल्या कारखान्यात आटवण्याआधी वाफेनं वास वेगळा काढून थंड सापळ्यात पकडतात आणि शेवटी परत घालतात, किंवा तो वेगळाच टी अरोमा म्हणून विकतात. तो दिसायला पाण्यासारखा असतो, रंग नाही, तुरटपणा नाही.

दुसरी अडचण घरीच करून बघा. कडक कोरा चहा काचेच्या ग्लासात गाळा, तांबडा आणि आरपार दिसेल, मग फ्रिजमध्ये ठेवा, तासा-दोन तासांनी तो गढूळ झालेला असेल, परत गरम केला की साफ. चहा खराब नाही झालेला, थंड झाल्यावर कॅफिन आणि थिआफ्लेविन एकमेकांना धरून बसतात आणि साका तयार होतो. बाटलीतल्या आइस टीत असा गढूळपणा कोण घेणार, म्हणून तो गार करून वेगळा काढतात किंवा टॅनेज नावाचं एन्झाइम घालून ती पकड सोडवतात. साका नुसताच फेकून दिला तर चहाचा दमच जातो, मला वाटतं बाटलीतले बरेच आइस टी पाणचट लागतात त्याचं एक कारण हे असणार. लिंबू पिळल्यावर रंग उतरतो तो थिआरुबिजिनमुळे, आंबटपणात तो फिका होतो आणि म्हणून लेमन टीच्या अर्काला मुळात गडद चहा घ्यावा लागतो.

परफ्यूमसाठीचा रस्ता वेगळा आहे. हेक्झेननं आधी एक मेणचट गोळा काढतात, त्याला ह्या धंद्यात काँक्रीट म्हणतात (सिमेंटशी संबंध नाही), ते अल्कोहोलनं धुतलं की अ‍ॅब्सोल्यूट मिळतं, गडद, दाट, चिकट. त्याला वास कपातल्या चहाचा नसतो, सुकं गवत, तंबाखू, जुनं लाकडी कपाट असा काहीतरी असतो. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर आणि 74 बारच्या पुढे दाबला की वायूसारखा पसरतो आणि द्रवासारखा विरघळवतो, दाब सोडला की उडून जातो, मागे सॉल्व्हंटचा मागमूस नाही. ह्या अर्कात वास पानाच्या जास्त जवळचा येतो, पण यंत्रं महाग.

परफ्यूममध्ये

इथे एक गंमत आहे, चहाचा वास असलेल्या परफ्यूममध्ये चहाचा अर्क असेलच असं नाही. 1992 मध्ये ज्याँ-क्लोद एलेना ह्या परफ्यूम बनवणाऱ्यानं बुल्गारी ह्या इटालियन कंपनीसाठी हिरव्या चहाचा जो सुगंध केला तो मुख्यतः हेडिओन (जाईसारख्या वासाचं कारखान्यात बनवलेलं द्रव्य) आणि आयोनोन ह्यांच्या जोडीवर उभा होता आणि चहाची नोट तिथून पुढे रूढ झाली. काळ्या चहाची धुरकट बाजू अ‍ॅनिक मेनार्दोनं 1998 च्या बुल्गारी ब्लॅकमध्ये रबराच्या वासाशेजारी बसवली, आणि 2000 मध्ये लार्टिझाँ पार्फ्युमर ह्या कंपनीच्या टी फॉर टूमध्ये ओलिव्हिया जियाकोबेत्तीनं लापसांगसोबत मध-मसाल्याचा वास घेतला. अ‍ॅब्सोल्यूट घातलंच तर थोडंच घालतात, एकतर त्याचा रंग पांढऱ्या साबणाला आणि क्रीमला चढतो आणि दुसरं म्हणजे त्यानं काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून इफ्रा ह्या सुगंधाच्या धंद्यातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याच्या वापरावर मर्यादा घातलेली आहे. त्याच्या जोडीला किंवा त्याच्या ऐवजी माटे ह्या दक्षिण अमेरिकी झाडाच्या पानाचं अ‍ॅब्सोल्यूट पुष्कळदा वापरतात.

आपल्या नाकाला मात्र ह्यातला एकही सुगंध लगेच चहा म्हणून पटत नाही, कारण आपल्या आठवणीतला चहा म्हणजे उकळलेलं दूध, साखर, आलं आणि वेलची. दुधातलं केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतं आणि तुरटपणा मारतं, म्हणून चहाच्या चवीचं आइस्क्रीम किंवा बिस्किट करताना साध्या अर्कानं भागत नाही, सीटीसी आसामचा कडक अर्क घेऊन वर आटवलेल्या दुधाचा स्वाद आणि वेलचीचं तेल वेगळं द्यावं लागतं, तेव्हा कुठे खाणारा म्हणतो की हां, हा चहा.