याह्या इब्न खल्दून

याह्या इब्न खल्दून (जन्म साधारण १३३३, ट्युनिस) हा त्लेमसेनच्या (आजच्या अल्जीरियातलं शहर) अब्द अल-वाद म्हणजे झय्यानी राजघराण्याचा इतिहासकार. खल्दून म्हटलं की सगळ्यांना ‘मुकद्दिमा’ हा इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ लिहिणारा अब्दुर्रहमानच आठवतो, हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि भावाच्या नावाखाली इतका झाकला गेलाय की याच्याबद्दल वेगळं वाचायला फारसं मिळतच नाही.

घराणं मूळचं सेव्हिलचं, नंतर ट्युनिसला आलेलं. १३४८-४९च्या प्लेगात आईवडील गेले. पुढे दोघेही भाऊ या दरबारातून त्या दरबारात नोकऱ्या करत फिरले, याह्याला मध्ये बोन (आजचं अन्नाबा) इथे कैदही झाली, तिथून तो निसटला. १३६८च्या सुमारास त्लेमसेनचा सुलतान अबू हम्मू दुसरा याने थोरल्याला मोठं पद देऊ केलं, पण त्याने स्वतः न जाता याह्याला पाठवलं. तिथे तो सुलतानाचा चिटणीस झाला. मधे मरिनींनी (शेजारच्या मोरोक्कोचं राजघराणं) शहर घेतलं तेव्हा तो त्यांच्याकडे गेला आणि नंतर परत अबू हम्मूकडे आला, त्या काळात असं चालायचंच.

त्याचं पुस्तक ‘बुग्यत अर-रुव्वाद’. आधी त्लेमसेन शहर आणि तिथले विद्वान, साधुपुरुष, मग १२३६ला गादी उभी करणाऱ्या यगमुरासनपासूनचे राजे, आणि सगळ्यात सविस्तर अबू हम्मू. पगार देणाऱ्या मालकाबद्दल लिहिलंय म्हणजे स्तुती भरपूर आहे, ते धरूनच वाचावं लागतं, पण आत बसलेल्या माणसाने पाहिलेलं दुसरीकडे कुठे मिळणार? पैगंबर जयंतीच्या रात्री राजवाड्यात मेजवानी, कवींच्या कविता (सुलतान स्वतःही करायचा) आणि ते यांत्रिक घड्याळ, तास झाला की दार उघडायचं आणि दासीची बाहुली हातात त्या तासाच्या ओळी लिहिलेला कागद घेऊन बाहेर यायची. मला तर पूर्ण पुस्तकात हाच भाग सगळ्यात आवडतो. आल्फ्रेड बेलने १९०३ ते १९१३ दरम्यान अल्जिअर्सहून अरबी मजकूर फ्रेंच भाषांतरासकट छापला.

शेवट फार वाईट झाला. राजपुत्र अबू ताशफीनला ओरान शहराचा कारभार हवा होता, सुलतानाने याह्याला सांगितलं की नेमणुकीचा कागद जरा लांबव, आणि दरबारातल्या लोकांनी राजपुत्राचे कान भरले की हा चिटणीसच मुद्दाम अडवतोय. हिजरी ७८०च्या रमझानमध्ये (१३७८-७९) रात्री वाड्यातून घरी जाताना याह्याला मारलं. सुलतानाने आधी तपास सुरू केला, पण मुलाचंच नाव पुढे आल्यावर गप्प बसला. हे सगळं आपल्याला कळतं ते थोरल्या भावाने आपल्या इतिहासात लिहून ठेवलं म्हणून. त्याच अबू ताशफीनने १३८९ला मरिनींची फौज आणून बापाशीही लढाई केली, त्यात अबू हम्मू मारला गेला.